सत्तावीस नंबरची कुत्री

माणसाला दमवण्याचे जेवढे प्रकार परमेश्वराला सुचले, ते सगळे वापरून संपल्यावर त्याने माझ्या बायकोचे मामा घडवले असावेत. मी हे रागाने म्हणत नाही. रागावायलासुद्धा अंगात थोडी धुगधुगी लागते, आणि मामा आमच्याकडे राहायला आल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच माझ्यातली ती संपली होती. बरं, स्वतःसाठी या माणसाने कधी काही मागितलं म्हणावं, तर तेही नाही. दोन वेळची भाकरी, चिमूटभर तंबाखू आणि अंग टाकायला पुढचा व्हरांडा, एवढ्यात त्यांचं भागायचं. मागायचे ते नेहमी कुणा तिसऱ्यासाठी, आणि तो तिसरा चार पायांवर चालणारा असायचा. नकार द्यायचा तर तो कुणाला द्यायचा? मामांना दिला, तर ते शांतपणे म्हणत, "मला कुठं पायजेल हाय, जावईबापू? त्या मुक्या जिवाला पायजेल हाय." मग तो मुका जीव पायरीवर बसून माझ्याकडे असा बघायचा की मी उठून ते काम करून टाकत असे.

तेव्हा मी चिंचवडला एका फाउंड्रीत स्टोअर-कारकून होतो. पन्नास सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. पंपाचे भाग ओतण्याचा कारखाना नुकता उभा राहिला होता आणि मागच्या माळावर कामगारांसाठी क्वार्टर्सच्या सहा रांगा बांधल्या होत्या. मी नगर जिल्ह्यातला. गावाकडचं घर सोडून आलेलो, नोकरी अजून कच्ची, आणि आयुष्याकडे माझी मागणी एकच होती, ती म्हणजे पाळी संपवून आल्यावर दोन तास डोळा लागावा. अशा वेळी देहूरोडच्या लष्करी डेपोत बावीस वर्षं तंबू शिवून मामा रिटायर झाले. त्यांना बायको-मुलं नव्हती. तळेगावच्या पलीकडे त्यांचं खेडं; तिथे वाटणीचं एक छप्पर आणि जिराईत जमिनीचा तुकडा. गावी जाताना वाटेत भाचीला भेटावं म्हणून ते चार दिवसांसाठी आमच्याकडे उतरले. हातात पत्र्याची पेटी, पेटीत दाभण, सुया, मेणाचा गोळा, आणि मागे देहूरोडपासून चालत आलेली दोन कुत्री. हे चार दिवस पुढे साडेतीन वर्षं चालले.

मामांचं असं एक शास्त्र होतं. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, नागाला पंचमी आहे. दसऱ्याला आपण कोयता-कुदळीलासुद्धा झेंडू वाहतो. "आन् कुत्र्यामांजराला काय? लाथ! वर्सभर दार राखायचं त्येनी, उंदीर धरायचे त्येनी, आन् सणाच्या दिवशी हाड् हाड्! ह्यो कुठला न्याय?" हा प्रश्न त्यांनी आमच्याकडच्या पहिल्याच दिवाळीत मला विचारला. मी पहिल्या पाळीहून आलो होतो. मला वाटलं, आपण "खरं आहे" म्हटलं की विषय मिटेल. मी म्हटलं, "खरं आहे मामा," आणि त्या दोन शब्दांनी माझ्या पुढच्या तीन वर्षांच्या दुपारी गेल्या. मामांनी जाहीर केलं की पाडव्याच्या दुपारी आमच्या दारात कुत्र्यामांजरांचा 'इशू' होईल, आणि जावईबापूंचं म्हणणंही तसंच आहे.

'इशू' हा डेपोतला शब्द. तिथे जवानाला कांबळं देतात, बूट देतात, तो इशू. मामांना दुसरं इंग्रजी येत नव्हतं, पण हा एक शब्द त्यांनी आमच्या घरात असा रुजवला की बायको मलासुद्धा "चहा इशू करू का?" असं विचारायला लागली. इशूची तयारी दसऱ्यापासून सुरू व्हायची. फाटक्या तंबूंचं कापड मामा डेपोतल्या जुन्या सोबत्यांकडून मागून आणत. त्याचे ते चेंडू शिवायचे आणि आत नारळाचा काथ्या ठासून भरायचे. ओढाओढी खेळायला जुन्या दोरखंडाच्या दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या वीत-वीतभर लांबीच्या रश्श्या असायच्या. थोराड कुत्र्यांना सायकलच्या टायरचे तुकडे, ते स्टेशनजवळच्या रहीमभाईंच्या सायकल दुकानातून यायचे. रहीमभाई पंक्चर काढता काढता म्हणायचे, "मामा, गिऱ्हाइकाला टायर जुना झाला म्हणून सांगायची मला चोरी झाली. लोक म्हणतात, कुत्र्यासाठी पाहिजे असंल." पण टायर द्यायचे, आणि आपल्या दुकानातल्या मांजरीचं नाव इशूच्या यादीत आहे ना, हे दरवर्षी न चुकता विचारायचे.

या सगळ्यात माझं काम एकच होतं. "जावईबापू, जरा यक बोट ठिवा." गाठ आवळताना ती सैल पडू नये म्हणून तिच्यावर कुणीतरी बोट ठेवावं लागतं. ते बोट माझं. मी जेवून आडवा झालो की व्हरांड्यातून हाक यायची. बोट ठेवायला वेळ किती लागणार, क्षणभर; पण उठायचं, व्हरांड्यात जायचं, उकिडवं बसायचं, बोट ठेवायचं आणि मामांनी गाठ आवळताना ते वेळीच काढून घ्यायचं. मला वेळीच काढता यायचं नाही. एका दिवाळीत माझं बोट काळं-निळं झालं आणि कारखान्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने विचारलं, "मशीनमध्ये सापडलं का?" मी म्हटलं, "नाही, चेंडूत." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चिठ्ठीवर दोन दिवस विश्रांती लिहून दिली. ते दोन्ही दिवस मी मामांजवळ दुसऱ्या हाताचं बोट ठेवून बसलो होतो.

मांजरांचा इशू वेगळा आणि जास्त धोक्याचा. मामा जाड कापडाचे उंदीर शिवत, त्यांना सुतळीची शेपटी लावत, आणि पोटात भुश्शाबरोबर खोकलीचं मूळ घालत. खोकली म्हणजे कुंपणाकडेला आपसूक उगवणारं एक झुडूप. त्याच्या मुळाच्या वासाने मांजरं खुळी होतात, हे मामांना माहीत होतं आणि मला नव्हतं. त्यांनी ती मुळं वाळवायची म्हणून माझ्या खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवली, का, तर म्हणे कोटाला ऊन चांगलं लागतं. मी तो कोट घालून सकाळी पाळीवर निघालो. पहिल्या रांगेपाशी एक मांजर मागे लागलं, तिसऱ्या रांगेपाशी तीन झाली, आणि कारखान्याच्या फाटकापाशी मी पोचलो तेव्हा पाच मांजरं माझ्या कोटाला लोंबकळण्याच्या बेतात होती. फाटकावरचा पहारेकरी हजेरीचं कार्ड हातात धरून म्हणाला, "तुमचं घेतो राव. पण ह्यांची नोंद कशात करू?" पुढे वर्षभर माझ्या पाठीमागे कारखान्यात म्यांव करत, आणि करणाऱ्यांत फोरमनही होता.

खाण्याचा इशू म्हणजे शंकरपाळे. आमची ही मैद्याचे करायची आणि मामा ज्वारीच्या पिठाचे करायचे, त्यात सुकटीचा चुरा आणि हाडांचं पाणी घालून. दोन्हींचे डबे शेजारी शेजारी. एकदा मी दमून आलो, चहाबरोबर डब्यातून पाच-सहा काढून खाल्ले, आणि बायकोला म्हटलं, "औंदा खारे केलेस का? बरे झालेत, पण मीठ जरा कमी आहे." ती पदर तोंडाला लावून आत पळाली. मामा हसले नाहीत. ते डब्यात डोकावून बराच वेळ मोजत बसले आणि कष्टी होऊन म्हणाले, "ह्यो मोत्याचा वाटा व्हता, जावईबापू. आता त्येला मी काय सांगू?" त्या संध्याकाळी मोत्या नावाच्या, माझी चप्पल नियमाने पळवणाऱ्या कुत्र्यासाठी मी ज्वारीचं पीठ मळत होतो, आणि मामा शेजारी बसून "अजून जरा मळा, त्येला बारीक लागतं" म्हणत होते.

इतकं करून पाडव्याच्या दुपारी दृश्य काय, तर अंगणात पाट मांडलेले, कडेने रांगोळी, मामा धुतलेल्या धोतर-टोपीत उभे, आणि सतरा कुत्री रांगेत बसलेली. हो, रांगेत! आमच्या कँटीनमध्ये माणसांची रांग कधी सरळ लागली नाही, ती या भटक्या कुत्र्यांची मामांपुढे लागायची. मामा एकेकाचं नाव घेत, कपाळाला कुंकवाचं बोट टेकवत आणि त्याचं त्याचं खेळणं पुढे ठेवत. आधी लोक कुचेष्टेने बघायला यायचे. दुसऱ्या वर्षी बायका आपल्या घरच्या मांजरांना कडेवर घेऊन आल्या. तिसऱ्या वर्षी शेजारणीने आमच्या हिला विचारलं, "आमच्या मनीला चेंडू नको म्हणावं, मागच्या वर्षीचा आहे. उंदीर मिळेल का?" मी खोलीत तोंडावर टॉवेल घेऊन पडलेला असे, आणि बाहेरून कुत्र्यांची नावं ऐकता ऐकता मला त्या दिवसापुरती बरी झोप लागायची.

मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या सहाही रांगा एकसारख्या. तीच दारं, तोच चुना, तीच तुळस. आल्या आल्या मामा कुणाच्याही घरात शिरत. एकदा तर तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंच्या स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसले आणि "पोरी, वाढ" म्हणाले. त्या बिचारीने वाढलंही. मग आमच्या हिने त्यांना दारावरच्या पाटीवरचा आमचा नंबर शिकवायचं ठरवलं. सत्तावीस. पाटी-पेन्सिल हातात बसेना. आठ दिवस नुसत्या रेघोट्या. शेवटी मामा म्हणाले, "सुई दे." सुईदोऱ्याने त्यांनी पहिल्याच झटक्याला कापडावर स्वच्छ '२७' काढला. दोनाचा बाक, साताचं वळण, अगदी पाटीवरच्यासारखं. त्यानंतर त्यांच्या टोपीवर २७, पिशवीवर २७, कांबळ्यावर २७. मी म्हटलं, "मामा, आता पुढचे आकडे शिका." ते म्हणाले, "कशापायी? मला ह्याच घरात यायचंय." डेपोत म्हणे प्रत्येक तंबूवर नंबर असतो, आणि ज्याच्यावर नंबर नाही तो बेवारशी माल.

चौथी दिवाळी जवळ आली तेव्हा नोटीस लागली. वसाहतीत कुणाला तरी कुत्रं चावलं होतं. आमच्यातलं नव्हतं असं मामा शपथेवर सांगत, पण चावलं होतं खरं. दिवाळीनंतरच्या सोमवारी ठेकेदाराची माणसं येऊन मोकाट कुत्र्यांचा 'बंदोबस्त' करतील, पाळीव कुत्र्यांच्या गळ्यात मालकांनी पट्टा बांधावा, असं त्यात होतं. बंदोबस्त म्हणजे विषाचे गोळे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी मला फळ्यापुढे उभं करून नोटीस दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "पट्टा कसला पायजे, त्ये लिवलंय का?" मी म्हटलं, "नाही." "इकत घेतलेलाच पायजे असं?" "तसंही नाही." "मंग झालं," असं म्हणून ते रहीमभाईंच्या दुकानाकडे चालायला लागले.

त्या वर्षी ना चेंडू झाले ना उंदीर. मामा पहाटे बसत ते दिवेलागणीला उठत. तंबूच्या कापडाच्या चार पदरी पट्ट्या, कडेने दुहेरी टीप, रहीमभाईंनी जुन्या कॅरिअरच्या पट्ट्यांची काढून दिलेली बक्कलं. मीही बोट ठेवत होतो, आणि खरं सांगतो, त्या आठवड्यात मला हाक मारावी लागली नाही. पाडव्याला सतरा कुत्र्यांच्या गळ्यात सतरा पट्टे पडले. बाळी म्हणून एक लंगडी कुत्री होती. ती इतकी फुशारून गेली की पाणवठ्यावरच्या बायकांना दाखवायला निघाली. सोमवारी ठेकेदाराची माणसं हातगाडी घेऊन आली, सहाही रांगा फिरली, आणि एकही बिनपट्ट्याचं कुत्रं न सापडल्यामुळे आमच्याच दारात बसून पाणी पिऊन परत गेली. मामा त्यांना गूळ देताना मी पाहिलं. त्या दिवशी मला हा म्हातारा फार मोठा वाटला. मी ते बोललो मात्र नाही.

मंगळवारी मला वसाहतीच्या साहेबांचं बोलावणं आलं. तोवर माझ्या डोक्यात प्रकाशच पडला नव्हता. पट्टे मी बोट लावून लावून शिवून घेतले होते, पण ते उलट्या बाजूने. सुलट बाजू मी पाहिलीच नव्हती, आणि बांधल्यावर कुत्र्यांच्या गळ्याकडे निरखून बघायला मी कधी गेलो नाही. साहेबांच्या टेबलावर ठेकेदाराचा कागद होता. सतराच्या सतरा पट्ट्यांवर लाल दोऱ्याने '२७' घातलेलं होतं.

मी दुपारीच घरी धावत जाऊन मामांना विचारलं, "अहो, नुसते पट्टे बांधायचे! नंबर कशाला घातलात?" मामा गोंधळले. "बिनलंबराचा माल कुनाचा म्हनायचा? उचलला असता की त्येनी." मी म्हटलं, "मग निदान वेगवेगळे तरी घालायचे! शेजाऱ्यांचे घालायचे!" त्यांनी मान खाली घातली आणि लाजून म्हणाले, "मला तेवढाच येतोय, जावईबापू."

साहेबांनी संध्याकाळी पुन्हा यायला सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याच महिन्यात माझं नोकरीत कायम होण्याचं प्रकरण वर गेलेलं होतं, आणि आमच्या हिला सहावा महिना होता. मामा माझ्याबरोबर आले. जबानी द्यायची म्हणून त्यांनी पाडव्याचं धोतर पुन्हा नेसलं होतं आणि वाटेत ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होते, "सायेब, त्येंचा गुना न्हाई, टाका माजा हाय." शिपायाने त्यांना आत सोडलं नाही. ते दाराबाहेरच्या बाकावर बसले. दार उघडंच होतं.

"सत्तावीसमध्ये तुम्हीच राहता ना?"

"हो साहेब."

"माणसं किती?"

"तीन."

"आणि कुत्री सतरा." साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन पुढे केलं. "हे बघा, मला वर उत्तर द्यायचं आहे. कुत्री तुमची असतील तर आठ दिवसांत क्वार्टर खाली करावी लागेल, नियम तसा आहे. तुमची नसतील तर तसं लिहून द्या, पट्टे काढून घ्या, ठेकेदार सोमवारी परत येईल. बोला, ही कुत्री तुमची आहेत का?"

मी खूप दमलो होतो. आजवर मी स्वतःला हेच सांगत आलो आहे की मी दमलो होतो. मी म्हटलं, "नाहीत साहेब." आणि तसं लिहून सही केली. बाहेर आलो तेव्हा मामा बाकावरून उठले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला. पोरगी वाट बघत आसंल."

त्या रात्री ते नीट जेवले, ताकसुद्धा मागून घेतलं. पहाटे मी उठलो तर पत्र्याची पेटी बांधून तयार होती आणि अंगणात सतरा कुत्री बसलेली होती. मामा म्हणाले, त्यांना गावच्या शेतावर नेतो, तिथं कोण पट्टा विचारत नाही; रानडुकरं फार झालीत, राखणीला बरीच. आमची ही दाराला धरून रडत होती. साडेतीन वर्षं मी ज्या दिवसाची वाट बघत होतो तो असा समोर येऊन उभा राहिला, आणि मी काय केलं, तर चपला घातल्या आणि म्हटलं, "पेटी द्या मामा. आकुर्डीपर्यंत येतो."

आकुर्डी गेली, निगडी गेली. मुंबई रस्त्याने पुढे मामा, मागे कुत्र्यांची रांग, आणि सगळ्यांच्या शेवटी डोक्यावर पेटी घेतलेला मी. ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. प्रत्येक गळ्यात माझ्या घराचा नंबर होता. मी न राहवून म्हटलं, "मामा, ते नंबर उसवायचे राहिले." ते म्हणाले, "गावात पोचल्यावर उसवतो. वाटंत बेवारशी नको." मी डोक्यावरची पेटी सारखी केली. मैलभर गेल्यावर त्यांनीच मागे न बघता म्हटलं, "बरं क्येलंत तुमी. बायकापोरांचा मानूस. तुमच्या जागी मीबी त्येच म्हनलो असतो." ते खोटं होतं. मामा तसं कधीच म्हणाले नसते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्याशी खोटं बोलत होते. त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर ती पेटी मला इतकी जड झाली नसती.

देहूरोडपाशी त्यांनी पेटी माझ्या डोक्यावरून उतरवून घेतली. "आता फिरा माघारी. तुमची दुसरी पाळी हाय." मी फिरलो. थोडं आल्यावर मागे पाहिलं, तर मामा चालायला लागले होते, पण कुत्री जागच्या जागी थांबून माझ्याकडे बघत होती. मी येतोय की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मामांनी एकेकाचं नाव घेऊन बोलावलं, तेव्हा ती गेली. बाळी सगळ्यांत शेवटी गेली.

मी त्या महिन्यात कायम झालो. मुलगा झाला, त्याच्या बारशाला मामा आले, एक दिवस राहिले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. कुत्र्यांना खायला घालायचं असतं म्हणाले. त्यानंतर चार वर्षांनी गावाहून निरोप आला, आणि मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांच्या पुतण्याने सांगितलं, शेवटी शेवटी हाताला कंप सुटला होता, तरी दिवाळीचं काही ना काही करायचे. मी अंगणात बसलो होतो तेव्हा कुत्री येऊन माझा वास घेऊन गेली. आता त्यांची पुढची पिढी होती. मला कुणी ओळखलं नाही.

माझी नोकरी संपली, क्वार्टर गेली. आता मी चिंचवडलाच एका इमारतीत तळमजल्यावर राहतो. माळ राहिला नाही, कुत्री मात्र आहेत. शिळी पोळी घालण्यापलीकडे मी त्यांचं काही करत नाही. शिवणकाम मला येत नाही आणि आता दमही नाही. परवा दुपारी नुकता डोळा लागला होता, तोच कुणीतरी कडी वाजवली. वरच्या रस्त्यावरचा एक गृहस्थ, विजार गुडघ्याशी फाटलेली, चेहरा लालबुंद. त्याने फाटकाबाहेरच्या एका पिवळ्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. ते कुत्रं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. "आजोबा," तो ओरडला, "हे कुत्रं तुमचं आहे का?"

मी म्हटलं, "हो, आमचंच. या, आत बसा. कुठे चावलं ते बघू."